शरीफ कुत्र्यांचे डॉक्टर मुखेडकर

कुत्र्याला 'आप' आणि माणसाला 'ए' म्हणणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. डॉक्टर राघवेंद्रराव मुखेडकर. हैदराबादेत तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्याला शिफाखाना म्हणत, आणि नामपल्लीच्या बाजूच्या त्या शिफाखान्याचे हे मोठे डॉक्टर. मी तिथला कारकून. राहायला दोघंही चिक्कडपल्लीत, एकाच गल्लीत. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, दगडी. माझं आत, पत्र्याचं. सकाळी ते टांग्यात बसून निघत आणि मी त्याच टांग्याच्या मागून पायी. त्यामुळे त्यांच्याविषयीचं माझं मत बरंचसं धुळीतून बनलेलं आहे. तरी ते खरं आहे.

अंगानं काटकुळे, पण शेरवानी अशी की आत आणखी एक मुखेडकर सहज मावावा. डोक्यावर दरबारी दस्तार. मिशांना घोड्यांच्या खुरांसाठी आलेलं तेल चोपडत, अशी शिफाखान्यात बोलवा होती. आणि खरोखर, उन्हात त्या मिशा घोड्याच्या टापेसारख्या चमकत. गळ्यात नळी. ती नळी कुठल्या जनावराच्या छातीला लागलेली उभ्या हैदराबादेत कुणी पाहिली नव्हती. कारण डॉक्टर जनावराला हातच लावत नसत. बैलांवर तर त्यांचा रागच होता. "बैल म्हणजे रयत," ते म्हणत. "बैलाला हात लावणारा डॉक्टर जिल्ह्यात मरतो."

राहता राहिली कुत्री-मांजरं. त्यांनाही ते लांबून बघत. कुत्रं शिफाखान्याच्या त्या टोकाला, डॉक्टर या टोकाला, आणि मध्ये आमचा कंपाउंडर यादगिरी, दोघांना जोडणारा पूल. "आपकी ज़बान दिखाइए," डॉक्टर इकडून आदबीनं म्हणत, आणि यादगिरी तिकडे कुत्र्याचा जबडा फाकवी. पण त्याआधी डॉक्टर एक गोष्ट विचारत: मालक कोण? नवाब असले तर कुत्र्याची प्रकृती उत्तम. जागीरदार असले तर प्रकृती बरी. तहसीलदार असला तर कुत्र्याला खरूज असणारच, हे ते डोळे मिटून सांगत. "आधी मरातब, मग मर्ज," हे त्यांचं ब्रीद. आधी हुद्दा बघायचा, रोग मागाहून.

दिवाळी सरली की सालाना मुआयना भरे. म्हणजे वर्षातून एकदा शहरातल्या कुत्र्यांची तपासणी व्हायची, पिसाळू नये म्हणून लशीची सुई टोचायची आणि गळ्यात पितळी बिल्ला अडकवायचा. काम अर्ध्या दिवसाचं. डॉक्टरांनी त्याचा दरबार करून टाकला होता. शिफाखान्यामागच्या मैदानात शामियाना, खाली गालिचे, गुलाबपाणी. पहिल्या रांगेत नवाबांची कुत्री, मागे जागीरदारांची, त्यामागे मन्सबदारांची. माझं काम प्रत्येक कुत्र्याचा शजरा, म्हणजे वंशावळ, खड्या आवाजात वाचायचं. अमक्याचा बेटा, तमक्याचा नातू, आजी ईराणातून आलेली. माझ्या स्वतःच्या आजीचं नाव मला पटकन आठवत नाही, पण निम्म्या हैदराबादेतल्या कुत्र्यांच्या आज्या मला तोंडपाठ होत्या.

एका मुआयन्याला सिकंदराबादच्या छावणीतून एका गोऱ्या कर्नलाचा बुलडॉग आला आणि नेमका त्याच क्षणी एका बड्या जागीरदाराचा शिकारी कुत्रा दारात उभा राहिला. आधी सुई कुणाला? डॉक्टरांच्या शेरवानीतून घाम ठिबकू लागला. कर्नलाला मागं ठेवावं तर इंग्रज सरकार, जागीरदाराला ठेवावं तर आपलं सरकार. पंच बसले. जुने कागद निघाले. कर्नलाचा अर्दली आणि जागीरदाराचा मुन्शी यांच्यात अशी जुंपली की तिसरं महायुद्ध आमच्या मैदानात सुरू होऊन दुसऱ्याच्या आधीच संपतं की काय असं वाटलं. इतक्यात यादगिरी धावत आला. "साब, दोनों कुत्ते नै दिखरे!" शोधाशोध झाली. दोघे मागच्या तंबूत पाहुण्यांच्या बिर्याणीच्या देगीत शिरले होते, खांद्याला खांदा लावून, आणि बोटी कुणाची हा प्रश्न त्यांनी केव्हाच मिटवला होता. डॉक्टर आत गेले, लांबूनच वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "पहिले किसने खाया?"

बेगमसाहिबांच्या मांजरीची गोष्ट सांगितली तर खोटी वाटते, म्हणून मी ती नेहमी सांगतो. एका ड्योढीत, म्हणजे नवाबी वाड्यात, एक पांढरी मांजर होती. तिलाही दर वर्षी सुई हवी असा डॉक्टरांनीच आग्रह धरला, कारण त्या निमित्तानं ड्योढीत जाणं होई आणि परतताना खुबानीच्या मिठाईचं ताट मिळे. पण सुई टोचली तर बिल्लीसाहिबांना दुखणार! बेगमसाहिबांच्या डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून तोड काढली. म्हणाले, "हुजूर, बिल्लीसाहिबांच्या वतीनं दुसरं कुणी घेईल." दारातल्या चोबदाराला पुढं बोलावलं, त्याची बाही वर केली आणि मांजरीची सुई त्याच्या दंडाला दिली. मांजरीच्या गळ्यात बिल्ला. हे सालोसाल चाललं. तो चोबदार पुढं ऐंशीच्या घरात गेला, एक दिवस आजारी पडला नाही. फक्त उतारवयात तो म्हणे भिंतीवरून चालायला लागला होता. हे शेवटचं यादगिरीनं सांगितलेलं आहे, त्याची जबाबदारी त्याच्यावर.

आता गावठी कुत्री. त्यांना डॉक्टर कुत्रीसुद्धा म्हणत नसत. नुसतं 'ते' म्हणत, नाकाला रुमाल लावून. ज्याला शजरा नाही त्याला सुई नाही, बिल्ला नाही. आणि आमच्या गल्लीत अशी एक होती: चिंधी. दत्तोपंत वकिलांची. रंग विटकरी, एक कान उभा, एक पडलेला, शेपटी जिलबीसारखी, आणि मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा. दत्तोपंतांच्या बायकोला सगळी गल्ली वकिलीणकाकू म्हणे. वयानं त्या माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, तरी मीही म्हणे, कारण त्यांना दुसरं काही म्हणायची छाती नव्हती.

इंग्रज गेले आणि आमच्याकडे मात्र संस्थान संस्थानच राहिलं, त्या वर्षी दत्तोपंत सत्याग्रहात तुरुंगात गेले. गल्ली चिडीचूप झाली. राजकैद्याच्या घराशी कुणी बोलेना. मी समजू शकतो, भीती होती. पण डॉक्टरांनी काय केलं? त्यांच्या घराची एक खिडकी वकिलांच्या अंगणावर उघडत होती. ती त्यांनी विटा लावून बुजवून टाकली. भर दिवसा, गवंडी लावून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. वकिलीणकाकू तुळशीला पाणी घालता घालता म्हणाल्या, "भावजी, एक वीट राहिली बघा वरच्या कोपऱ्यात. तेवढ्यातून देशद्रोह आत यायचा."

त्या दिवसांची थट्टा मी करणार नाही. एवढंच सांगतो, एका संध्याकाळी काही माणसं लाठ्या घेऊन वकिलांच्या दाराशी आली. शेजारपाजारची दारं पटापटा लागली. उंबऱ्यावर चिंधी उभी राहिली. भुंकली नाही, नुसते दात दाखवून उभी राहिली. एकानं लाठी घातली, तिचा कान पडला तो तेव्हाच. पण ती हलली नाही आणि माणसं परत गेली. काकू पुढं सगळ्यांना सांगत, "आमचे हे आत होते तवा या घरात पुरुषमाणूस म्हणजे चिंधी."

त्या साली काकू चिंधीला घेऊन मुआयन्याला आल्या होत्या. डॉक्टरांनी रुमाल काढला. "वहिनी, हिचा शजरा?"

"हिची आई हिच्यासारखीच होती, भावजी. अजून काय पायजे?"

"मग हिला घरी न्या. इथं शरीफ मंडळी बसलीत."

काकूंनी पहिल्या रांगेतल्या नवाबी कुत्र्यांकडे बघितलं. त्यातला एक गालिच्यावर पाय वर करून उभा होता. "दिसायलंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढं पाऊस ओसरता ओसरता हिंदी फौज संस्थानात शिरली आणि चार दिवसांत राज्य पालटलं. डॉक्टर त्याहून लवकर पालटले. शेरवानी पेटीत गेली. गांधीटोपी हवी, पण बाजारात त्या आठवड्यात टोप्यांचा असा दुष्काळ पडला होता की विचारू नका, आमच्या डॉक्टरांसारखे देशभक्त गल्लोगल्ली निघाले होते. तेव्हा त्यांनी घरातला उशीचा अभ्रा फाडून टोपी शिवून घेतली. समोरून ती उत्तम दिसे. मागून तिच्यावर रेशमी धाग्यानं 'गुड नाइट' काढलेलं होतं.

दत्तोपंत सुटून आले त्या दिवशी सकाळपासून गल्लीत ठोकाठोक चालली होती. दुपारी एकदम धाडकन आवाज झाला, अंगणात विटा कोसळल्या आणि धुळीतून डॉक्टरांचं मुंडकं बाहेर आलं. "दत्तोपंत! जय हिंद! आपण तर पहिल्यापासून एक!"

दत्तोपंत भला माणूस, त्यांनी नमस्कार केला. काकू म्हणाल्या, "भावजी, तुळस फुटली माझी."

राज्य पालटलं तशी बरीच मोठी घरं रिकामी झाली. कुणी कराचीला गेलं, कुणी मुंबईला. माणसं गेली, कुत्री मागं राहिली. ईराणी आज्यांचे ते नातू रस्त्यावर हाडकं हुंगत फिरू लागले. त्यातलंच एक पिसाळलं आणि कवाडीगुड्याजवळ एका पोस्टमनला चावलं. शहरात घबराट उडाली. नव्या सरकारचा हुकूम सुटला: या सालच्या मुआयन्यानंतर ज्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला नसेल त्याला गोळी. बल्दियाची, म्हणजे नगरपालिकेची, बंदूकवाली टोळी मोहल्ल्या-मोहल्ल्यातून फिरणार. चिक्कडपल्लीची पाळी मुआयन्याच्या दुसऱ्याच दिवशी.

म्हणजे चिंधीला बिल्ला मिळाला तर चिंधी, नाही तर नाही.

दत्तोपंत तुरुंगातून पुरते कायदेशीर होऊन आले होते. त्यांनी अर्ज लिहिला. मग अर्जावर स्मरणपत्र लिहिलं. काकूंनी विचारलं, "निकाल कधी लागल?"

"रीतसर लागेल."

"तवर चिंधीचं वर्षश्राद्ध होईल. ठेवा तो टाक."

त्या स्वतः शिफाखान्यात आल्या. मी समोरच होतो. लशीची कमतरता असती तर मी डॉक्टरांना क्षमा केली असती. पण त्या साली निम्मी शरीफ कुत्री मालकांसकट गायब होती आणि त्यांच्या नावच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत तशाच पडून होत्या. काकूंनी पेटीकडे बोट दाखवलं. "ह्या कुणासाठी राखायलाव?"

"वहिनी, ही अमक्या नवाबसाहेबांच्या कुत्र्याची. ही त्यांच्या मेव्हण्यांच्या."

"ते तर कराचीला गेले म्हणं."

"आणि परत आले तर? मी त्यांना काय तोंड दाखवू?" डॉक्टरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "शजरा आणा, सुई घ्या. राज्य बदललं म्हणून काय खानदान बदललं?"

टोपी उशीची, जीव मात्र अजून गादीवरच, असा हा माणूस. काकू पेटीतल्या बाटल्या नजरेनं मोजून गेल्या. त्या मोजायला लागल्या की मला फार भीती वाटे.

मुआयन्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर मला घेऊन नव्या साहेबांच्या बंगल्यावर सलामीला गेले. साहेब नागपूरकडचे, दांडगे, मोठ्यानं हसणारे, खातं त्यांच्या हाताखाली. "या जी डॉक्टर! आमच्या टॉम्यालेही उद्या टोचून टाका." आणि त्यांनी शीळ घातली. पडद्याआडून टॉमी आला. विटकरी रंग. जिलबीसारखी शेपटी. मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा.

डॉक्टरांचा हात सवयीनं रुमालाकडे गेला, आणि अर्ध्या वाटेत त्याला साहेबांचा हुद्दा आठवला. रुमाल न काढता हात छातीवर गेला. "वाह! क्या नस्ल है! साहेब, हे रत्न मिळालं कुठून?"

"चिक्कडपल्लीतून," साहेबांच्या बाई म्हणाल्या. "एका घरापुढं खेळून राहिला होता. तिथल्या बाईंनं दिला."

परत येताना टांग्यात डॉक्टरांनी मला पहिल्यांदा शेजारी बसवून घेतलं. यावरून संकट किती मोठं ते ओळखा. शिफाखान्यात दार लावून ते शजरा सांगू लागले आणि मी लिहू लागलो. टॉमीचा खापरपणजोबा इस्फहानच्या बादशहाच्या शिकारखान्यात निघाला. पणजोबा औरंगजेबाच्या फौजेबरोबर दख्खनेत आला. मी हिशोब केला, मधे अडीचशे वर्षांची फट पडत होती. डॉक्टर म्हणाले, "खानदानी कुत्री फार जगतात."

"आणि शेपटी?"

"शाही बाक लिही."

"आई?"

इथं ते थांबले. जागा तर बाईंनी सगळ्यांसमक्ष सांगून टाकलेली, ती बदलता येईना. मग म्हणाले, "लिही, चिक्कडपल्लीच्या एका शरीफ घराण्यातली."

"डॉक्टरसाहेब, घराणं कोणतं?"

"अरे, आईला कोण विचारतंय? पुढं चल."

हा मजकूर वकिलीणकाकूंच्या कानावर कसा गेला ते मला ठाऊक नाही. माझी बायको आणि काकू एका नळावर पाणी भरत, आणि माझ्या बायकोला मी कधीच काही सांगत नाही, ती झोपेत माझं बोलणं ऐकत असावी.

दुसऱ्या दिवशी शामियाना तोच, गालिचे तेच. पहिल्या रांगेत मात्र एकच खुर्ची, नव्या साहेबांची, आणि गादीवर टॉमी. मागं उरलीसुरली जागीरदारी कुत्री वाळून बसलेली. डॉक्टरांनी खूण केली. मी उभा राहून शजरा वाचला. इस्फहान झालं, औरंगजेब झाला. साहेब मिशीतल्या मिशीत हसत होते. मी वाचलं, "वालिदा, चिक्कडपल्लीच्या एका शरीफ घराण्यातली—"

"ती ही," मागून आवाज आला.

वकिलीणकाकू. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात सुतळी, सुतळीच्या टोकाला चिंधी. आणि त्यांच्या मागं दत्तोपंत, काळा कोट घालून, बायकोच्या तर्फेचे वकील असल्यासारखे.

डॉक्टर गालिच्यावरून धावले. "वहिनी, इथं नाही! हे… हे 'ते' बाहेर न्या!"

"कामून? आत्ताच तुमच्या माणसानं मोठ्यांदा वाचलं की. शरीफ घराणं. आमचंच ते. हा हिच्या पोटचा. माझ्याच हातानं दिला मी या बाईंना." काकूंनी हात जोडले. "ओळखलंव का, बाई?"

"अहो, ह्याच त्या!" साहेबांच्या बाई उठल्याच. आणि टॉमीनं तर साक्षच दिली. इस्फहानची इभ्रत गादीवर टाकून तो कोलांट्या घेत आईकडे गेला आणि तिच्या पोटाखाली तोंड खुपसून लागला ढुशा द्यायला. चिंधीनं त्याला एक सणसणीत चापट दिली. दोघांचे पांढरे मोजे शेजारीशेजारी.

शामियान्यात सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि यादगिरीच्या हातून ती पडलीच.

दत्तोपंत खाकरले. जन्मभर वारसाहक्काचे दावे लढलेला माणूस तो. "डॉक्टरसाहेब, प्रश्न साधा आहे. आई गावठी म्हणाल, तर साहेबांचा टॉमी गावठीच्या पोटचा. टॉमी शरीफ म्हणाल, तर आईला नाकारता येत नाही. आपण जे म्हणाल ते आम्हाला मान्य. फक्त मोठ्यानं म्हणा."

सगळे डॉक्टरांकडे बघत होते. डॉक्टर साहेबांकडे. साहेबांचं हसू गेलं होतं. ते भुवया वर करून वाट बघत होते. मी त्या क्षणी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सगळं हैदराबाद येऊन गेलेलं पाहिलं, आधी नवाब, मग कर्नल, मग साहेब, आणि सगळ्यात शेवटी एक घाबरलेला मुखेडचा माणूस. कुठंतरी, एक क्षणभर, ते 'हो, गावठीच आहेत दोघं' म्हणतील असं मला वाटलं. म्हणाले असते तर मी त्यांना जन्मभर मानलं असतं.

ते कमरेत वाकले. चिंधीपुढं. "तशरीफ लाइए," ते म्हणाले. "गुस्ताख़ी माफ."

"गुस्ताखी राहू द्या, सुई आणा," काकू म्हणाल्या.

"अन् डॉक्टर," साहेब म्हणाले, "टॉम्याची माय आहे. तुमच्या हातानंच होऊन जाऊ द्या."

यादगिरीनं सुई भरून त्यांच्या हातात दिली. नोकरीत पहिल्यांदाच हा माणूस कुत्र्यापासून हातभर अंतरावर गेला. सुई त्यांनी भाल्यासारखी लांबून रोखली. त्यांनी डोळे मिटले. काकूंनी त्यांचं मनगट धरलं आणि मानेमागच्या सैल कातड्यावर नेऊन टेकवलं. "हितं. दाबा आता. शाबास!" चिंधी कंटाळून जांभई देत उभी. बिल्ला काकूंनी स्वतः बांधला, गाठ तीनदा ओढून पाहिली, आणि मग एकदम खाली बसून त्या कुत्रीच्या मानेत तोंड घालून रडल्या. नवरा तुरुंगात गेला तेव्हाही ही बाई रडलेली मी पाहिली नव्हती. दत्तोपंत छताकडे बघत राहिले.

इथं हे संपलं असतं. पण काकू उठल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भावजी, हिची बहीणबी आहे. हाटेलवाल्याकडं."

डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. टॉमीची मावशी. तिलाही बोलवावं लागलं. मावशीचा मुलगा कुंभाराकडे होता. त्याचा बाप, एका पायानं लुळा, नळाजवळ राही. दुपारपर्यंत अख्खी चिक्कडपल्ली सुतळ्या धरून शामियान्यात हजर. धोबी, दूधवाला, ताडीवाला, प्रत्येकाजवळ टॉमीचा एक सख्खा नातेवाईक. एकानं तर बोकड आणला होता. चुलत घराणं म्हणत होता. कराचीला गेलेल्या नवाबांच्या बाटल्या एकामागून एक फुटत होत्या, आणि डॉक्टर शजरे सांगत होते, मी लिहीत होतो. इस्फहानात त्या दिवशी एक शिकारखाना पुरेना, आम्ही दुसरा बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बल्दियाची टोळी आली. चौघे बंदूकवाले आणि एक जमादार. मी ओट्यावर चहा घेत होतो. गल्लीभर कुत्री पसरलेली, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पितळ उन्हात लखलखत होतं. जमादार डोकं खाजवत फिरला. त्यानं चिंधीचा बिल्ला उलटून पाहिला. चिंधीनं त्याला दात दाखवले. शेवटी तो डॉक्टरांच्या दारात गेला. डॉक्टर नुकतेच उठले होते, अंगात बंडी, डोकं उघडं, मिशा विसकटलेल्या. मी त्यांना तसं पाहिलेलं ते पहिलं आणि शेवटचं; महिन्याभरात त्यांची बदली जिल्ह्यात झाली, बैलांकडे.

जमादार म्हणाला, "डाक्टरसाब, ये क्या तमाशा है? ये पूरे गावठी कुत्ते हैं ना?"

लोक पुढं म्हणू लागले की मुखेडकर डॉक्टरांनी आमच्या गल्लीतली कुत्री वाचवली, देवमाणूस होता. मी तिथं होतो. त्या माणसाच्या मनात कुत्र्यांचा विचारसुद्धा नव्हता. त्याला दिसत होत्या त्या आपल्या सह्या, एकेका इस्फहानी आजीखाली केलेल्या. एक शजरा खोटा ठरला की साहेबांच्या टॉमीपर्यंत सगळेच खोटे. पण हेही मी पाहिलं, की ते पायऱ्या उतरून खाली आले, अनवाणी, आणि नळाजवळच्या त्या लुळ्या कुत्र्याच्या आणि त्याच्यावर रोखलेल्या बंदुकीच्या मधे जाऊन उभे राहिले. छाती फुगवली. रागानं त्यांचा आवाज चिरकला.

"गावठी? ए! ज़बान सँभाल! बंदूक नीचे कर पहले. ये शरीफों का मोहल्ला है."